पद्मिनी, एस्टीम की व्हीटेक? जुन्या सेडानच्या रेस पुन्हा जमवायच्या तर

चार मित्र, एकाचं गॅरेज आणि "यार, जुन्या सेडानच्या रेस परत सुरू करू" असा बेत. इथपर्यंत बरेच जण पोचतात. गाडं अडतं ते पुढे, गाडी कुठली घ्यायची यावर. एकाला वडिलांची फियाट आठवते, दुसरा कॉलेजात असताना होंडा सिटीच्या आवाजावर भाळलेला असतो, तिसरा म्हणतो जी स्वस्त मिळेल ती.

माझं मत आधीच सांगून टाकतो: तिसऱ्याचं ऐका. सगळ्यांत वेगवान गाडी शोधू नका, जिच्या आणखी दहा बहिणी विकत मिळतील ती शोधा. रेस म्हटली की शेजारच्या लाइनीत कुणीतरी हवंच. एकटीच धावली तर ती टेस्ट ड्राइव्ह.

हे आपल्याकडे नवीन नाही. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली टी आकाराची धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे रेस भरवायचा आणि त्यात फियाट ११०० आणि स्टँडर्ड हेराल्ड धावायच्या, म्हणजे लोकांच्या दारात उभ्या असलेल्याच गाड्या. १९८० च्या दशकात सिपानी डॉल्फिन आली. दोन दारांची, फायबरच्या बॉडीची, दिसायला जेमतेम. पण वजनाला इतकी हलकी की भल्याभल्या गाड्या मागे टाकायची. गाडी निवडताना हे विसरू नका, कारण बाजारात अश्वशक्तीचे आकडे सांगणारे खूप भेटतात, किलो सांगणारा क्वचित.

पद्मिनी: जीव अडकतो, ब्रेक अडकत नाहीत

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली ही गाडी, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. पण डोळ्यांत पाणी आणणारी गाडी वळणात थांबेलच असं नाही.

तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दोन-तीन फेऱ्या जोरात मारल्या की ड्रम तापतात आणि पेडल मऊ पडत जातं. म्हणजे पहिला खर्च इंजिनावर नाही, पुढे डिस्क बसवण्यावर. दांड्याचा गिअर घाईत टाकायचा म्हणजे कसरत. सुटे भाग अजून मिळतात, पण चांगला मेकॅनिक आता साठीच्या पुढचा असतो आणि तो तुमच्या रेसच्या तारखा पाळेलच असं नाही.

तुमची पद्मिनी किंवा फियाट ५० वर्षांहून जुनी असेल तर थांबा. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. तिच्यात रोल केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पोलादी पिंजरा) वेल्ड केला, डिस्क लावल्या, इंजिन बदललं की तो दरवाजा बंद. पन्नास वर्षं सांभाळलेली गाडी एका मोसमासाठी कापायची का, हा प्रश्न आधी घरच्यांना विचारा. उत्तर ठणठणीत मिळेल.

मागच्या चाकांची हौसच असेल तर प्रीमियर ११८ एनई बघा. फियाट १२४ ची बॉडी, निसानचं ११७१ सीसीचं इंजिन, ५२ अश्वशक्ती, गिअर जमिनीवर. शेपूट हलवत वळणारी गाडी म्हणजे काय ते हिच्यात कळतं. मातीवरच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणांवरून घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीला, ही मजा आणते. पण चांगल्या पत्र्याची एनई शोधायला बसलात तर दिवाळी उलटून जाईल. आणि दहा शोधायच्या म्हणजे...

एस्टीम: कुणाच्या भिंतीवर पोस्टर नव्हतं, तरी

मारुतीच्या एस्टीमवर कुणी कविता केली नाही. १९९४ ला आली, २००७ ला गेली, मधल्या काळात बँकेतल्या साहेबांपासून टूरिस्ट टॅक्सीपर्यंत सगळ्यांकडे होती. तिची रेसमधली ताकद याच सामान्यपणात आहे.

१२९८ सीसीचं इंजिन सुरुवातीला कार्ब्युरेटरवर ६५ अश्वशक्ती द्यायचं. पुढे १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (इंजेक्टरने इंधन देणारी यंत्रणा) आलं तेव्हा ८५. वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर. म्हणजे जवळपास पद्मिनीएवढ्याच वजनाला दुप्पट ताकद. पुढे डिस्क आहेत. मागचं सस्पेंशनही स्वतंत्र आहे, त्यामुळे स्प्रिंग आणि शॉक बदलले की गाडीचा स्वभाव खरोखर बदलतो. चाकं १३ इंची, म्हणजे टायर स्वस्त. मोसमभराचा हिशेब मांडाल तेव्हा इंजिनापेक्षा टायरच जास्त पैसे खातात, हे लक्षात येईल.

मुख्य गोष्ट इंजिनाच्या कुटुंबाची. हेच घराणं मारुतीच्याच जिप्सी किंगमध्ये होतं, त्यामुळे पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत माल मिळत राहतो. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक शनिवार घालवलात तर अर्धी गाडी गोळा होते. आपल्याकडच्या एलजीबी फॉर्म्युला ४ या एका सीटच्या रेसगाड्यांतही एस्टीमचंच इंजिन वापरलं गेलं. म्हणजे या इंजिनातून काय निघतं आणि ते कुठे फुटतं, हे जाणणारे ट्यूनर दक्षिणेत आहेत.

दोष सांगितले नाहीत तर ही जाहिरात होईल. पत्रा पातळ आहे आणि गंज हा तिचा जुना आजार. कोकणात किंवा मुंबईत आयुष्य काढलेली गाडी बाहेरून चकाचक रंगवलेली असते आणि आत पापड झालेला असतो. पुढच्या चाकांची गाडी असल्याने वळणात घाई केली की नाक बाहेर पळतं. आणि अचानक पाय उचलला की शेपूट पुढे यायला बघते. शिकाऊ माणसाला हे दोन्ही अनुभव स्वस्तात मिळालेले बरे.

सिटी व्हीटेक: कापायला हात धजावत नाही

२००० साली आलेली होंडाची १.५ व्हीटेक सिटी, १०६ अश्वशक्ती. त्या काळात या पैशांत असं काही दुसरं नव्हतं. टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा वर चढला की आवाज बदलतो आणि अंगावर काटा येतो, हे मी नाकारणार नाही. पुढची सिटी, जिला लोक 'डॉल्फिन' म्हणतात, २००३ मध्ये ७७ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन आली आणि जुन्या व्हीटेकचा भाव त्या दिवसापासून वधारत गेला.

अडचण नेमकी तीच. चांगली व्हीटेक आता शौकिनांच्या हातात आहे आणि ते सोडत नाहीत. विकली तरी हौसेची किंमत लावतात. बंपर, दिवे, मूळ सीट यांच्यासाठी महिनोन् महिने फोन करत बसावं लागतं, आणि रेसमध्ये बंपर पहिल्याच वळणात जातो. हजार किलोच्या थोडं वर वजन असूनही ती एस्टीमला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकेल. पण दोन सिटी आणि आठ एस्टीम अशी शर्यत लावलीत तर दोघेच पुढे निघून जातील, आठ जण आपापसात खेळतील, आणि पुढच्या वर्षी कुणीच येणार नाही.

व्हीटेक आधीच दारात असेल तर ती कापू नका. चांगले ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर एवढंच बदला. सगळं परत मूळ रूपात आणता येईल असं ठेवा आणि घड्याळाविरुद्ध धावा. टाइम अटॅकमध्ये शेजारी गाडी नसते, त्यामुळे पत्राही वाचतो.

पैसा, ट्रॅक आणि नियम

रोल केज, सीट, बेल्ट, अग्निशामक, हेल्मेट, सूट हा खर्च तिन्ही गाड्यांना सारखाच लागतो आणि एस्टीमच्या बाबतीत तो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. यात काटकसर करणाऱ्याला गटात घेऊ नका. देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआय हिचं लायसन्सही आलंच. फेरफार केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ट्रेलर किंवा टेंपो. रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालचा गुन्हा आहे. पहाटेचा एक्सप्रेसवे हा ट्रॅक नव्हे, कितीही मोकळा दिसला तरी.

महाराष्ट्रातल्या माणसाचं खरं दुखणं अंतराचं. कोइमतूरचा करी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा. दोन्ही पुण्याहून हजार किलोमीटरपेक्षा लांब. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट याहून दूर, आणि पाच किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर ८५ अश्वशक्ती म्हणजे नदीत बदक. करी मात्र अशा गाड्यांसाठीच बांधल्यासारखा आहे, छोटा आणि वळणदार. तिथे इंजिनापेक्षा ब्रेक मारायची अक्कल चालते. वर्षातून दोनदा सगळ्यांनी मिळून गाड्या तिकडे न्यायच्या आणि एरवी घराजवळ ऑटोक्रॉस, एवढंच सुरुवातीला झेपतं.

नियम एका पानावर मावतील एवढेच ठेवा: एकच इंजिन, तेही न उघडलेलं, एकच टायर, किमान वजन. मोकळी क्लास ठेवलीत तर दुसऱ्याच मोसमात कुणीतरी मारुतीच्या जुन्या बलेनो सेडानचं १.६ इंजिन एस्टीममध्ये बसवून आणेल. हा बदल आपल्याकडे इतका सर्रास होतो की त्याला कुणी फसवणूकही म्हणत नाही. मग ज्याचा खिसा मोठा तो पुढे.

तर एकट्याची हौस असेल आणि मातीत घसरायचं असेल तर एनई. घरात व्हीटेक असेल तर टाइम अटॅक. पद्मिनी असेल तर तिला रेसच्या दिवशी पुढे चालवत न्या, मूळ रंगात, आणि पार्किंगमध्ये सावलीत लावा. बाकी सगळ्यांनी एस्टीम.

रविवारी बघायला जाल तेव्हा लोहचुंबक बरोबर घ्या. बॉनेट उघडून दोन्ही सस्पेंशन टॉवरच्या (स्प्रिंग-शॉकचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं त्या भागाच्या) कडा बघा, मग डिकीतलं कार्पेट उचलून मागचे दोन. दारांखालच्या पट्टीवर चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. पुट्टीला केज वेल्ड होत नाही. इंजिन धूर काढत असेल तर काढू दे, त्यावर भाव पाडा. टॉवर सडलेले असतील तर चहा प्या आणि परत या.