एअर रायफल, सात हजार छर्रे आणि दहा रुपयांची ओ-रिंग

नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली, .१७७ बोअरची देशी रायफल. आठ महिने झाले, सात हजारांच्या आसपास छर्रे मारून झाले. एप्रिलमध्ये ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, एकदम फुटला. दहा मीटरवर पाच छर्‍यांचा ग्रुप नऊ-दहा मिलिमीटरचा यायचा, तो आठवड्याभरात २८ वर गेला. दुकानदाराने बंदूक हातात घेतली, एकदा वाकवून पाहिली आणि स्प्रिंग व पिस्टन सील गेलं म्हणून अडीच हजारांचा आकडा सांगितला. स्क्रू ड्रायव्हर लावला नाही, की एक छर्रा मारून पाहिला नाही. प्रत्यक्षात बिघाड निघाला ब्रीचवरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडावरच्या, रबरी ओ-रिंगमध्ये आणि दस्त्याच्या दोन ढिल्या स्क्रूंमध्ये. ओ-रिंग दहा रुपयांची. अडीच हजार आणि दहा रुपये यांतलं अंतर डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी ताकदीबद्दल, कारण खोक्यावरचा आकडा दिशाभूल करतो. जाहिरातीत सेकंदाला १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर वेग असतो. हा वेग साधारण ०.३५ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर काढलेला असतो. तशी ऊर्जा १६ जूल होते. तोच वेग ०.५३ ग्रॅमच्या शिशाच्या छर्‍याला लावला तर साडेचोवीस जूल होतील, आणि आपल्याकडे परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलची मर्यादा २० जूल आहे. माझ्या बंदुकीने ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला १९० मीटर दिले, म्हणजे साडेनऊ जूल. दहा मीटरच्या कागदाला हे भरपूर आहे. वेगासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. हलका छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की डगमगतो, आणि कागदावर फक्त मोठा आवाज पोचतो.

सोलापुरात बंदुकीचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, याने हरीण पडेल का? नाही, आणि तो विचारही नको. नान्नजच्या माळावर दिसतं ते काळवीट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर. शिक्षा तीन ते सात वर्षांची. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गणित बसत नाही. जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे त्या इंग्लंडमध्ये मोठ्या जातीच्या हरणांसाठी किमान .२४० बोअर आणि किमान २,३०५ जूल ऊर्जा लागते, आणि एअर गनने हरणावर नेम धरायलाच बंदी आहे. तिथले शिकारी .२४३, .३०८ अशी काडतुसं वापरतात, गोळी आत गेल्यावर फुलणारी घेतात, आणि जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरतात. हृदय आणि फुप्फुसं तिथे असतात आणि गोळी दोन्हींतून जाते. तिरप्या किंवा पळत्या जनावरावर गोळी सोडायची नाही हा त्यांचा पहिला नियम. साडेनऊ जूलचा छर्रा कातड्यात अडकतो, जखम चिघळते आणि जनावर कित्येक दिवस तडफडत मरतं. म्हणून या बंदुकीचं लक्ष्य कागद, फक्त कागद.

आता मुद्द्याचं: छर्रा. या बंदुकीबद्दल जे काही चांगलं-वाईट म्हणता येईल त्यातलं तीन चतुर्थांश छर्‍याबद्दल आहे, आणि छर्‍यातही एका गोष्टीबद्दल. डोक्याचा व्यास. छर्‍याला पुढे डोकं असतं, मध्ये कंबर, मागे घेर. घेर पातळ असतो, हवेच्या दाबाने फुगतो आणि नळीच्या खाचांना चिकटतो. डोकं मात्र फुगत नाही. ते ४.४८ मिमीचं असेल आणि तुमच्या नळीला ४.५१ हवं असेल, तर छर्रा घेरावर टेकून, डोकं हलवत बाहेर पडतो. चांगल्या परदेशी डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असा आकडा छापलेला असतो. मी घेतलेल्या तिन्ही देशी डब्यांवर तो नव्हता. एवढं एक शाईचं चिन्ह छापायला काय खर्च येतो? वजन छापतात, ‘सुपर’ छापतात, आणि गिऱ्हाईकाला जे खरोखर हवं ते गाळतात.

व्हर्नियरने हा व्यास मोजायला जाऊ नका. साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंतच वाचतो आणि शिसं जबड्यात दबतं. खात्रीची पद्धत वेगळी आहे. नळी मोडून छर्रा ब्रीचमध्ये बसवा आणि चार मिमीच्या गुळगुळीत लाकडी काडीने हळूहळू पुढे ढकलत तोंडातून बाहेर काढा. काडी सरळ हवी, आणि नळी मोडलेली असताना दुसऱ्या हाताने घट्ट धरलेली. बाहेर आलेला छर्रा भिंगाखाली पाहा. घेरावर खाचांच्या रेषा येणारच. डोक्यावरही सगळीकडून सारख्या, बारीक रेषा असतील तर माप बरोबर. डोकं कोरं असेल तर छर्रा लहान. रेषा खोल असतील आणि ढकलताना जोर लागला असेल तर मोठा. प्रत्येक डब्यातले दहा छर्रे असे काढले की अर्धा निकाल हातात येतो. माझ्या नळीत ४.५० च्या डोक्यावर रेषा नीट आल्या, ४.४९ वर एका बाजूला आल्या, आणि देशी डब्यातल्या दहांपैकी चारांचं डोकं साफ कोरं निघालं.

कागदावरचे आकडे असे. प्रत्येक प्रकाराचे पाच छर्‍यांचे पाच ग्रुप, दहा मीटर, बसून, टेकू देऊन. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून ४.५ वजा करायचे. याला सपाट डोक्याचेच छर्रे घ्या, कारण गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि भोक लहान दिसतं. देशी, न निवडलेले: सरासरी १९ मिमी. परदेशी ४.४९: १२ मिमी. परदेशी ४.५०: ९ मिमी. तुलनेसाठी सांगतो, दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. छर्‍याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. तरीही १९ मिमीच्या ग्रुपमध्ये चूक तुमची की छर्‍याची हे कधीच कळत नाही. शिकणाऱ्याचं खरं नुकसान तिथे होतं.

तिसऱ्या महिन्यात माझं मत उलटं होतं आणि ते मी इतरांनाही सांगितलं होतं: देशी डबा घ्या, सोन्याच्या काट्यावर वजन करून निवडा, परदेशी घ्यायची गरज नाही. ते मागे घेतो. पाचशे छर्रे वजनाने निवडायला दोन संध्याकाळी जातात आणि ग्रुप १९ वरून १६ वर येतो, एवढंच. वजन सारखं असलेल्या दोन छर्‍यांची डोकी वेगळी असू शकतात. वजनापेक्षा काचेवर घरंगळवणं बरं: थोड्या उतारावर काच ठेवा, छर्रा सोडा, वाकड्या घेराचा छर्रा एका बाजूला वळतो, तो काढून टाका. याला पंधरा मिनिटं लागतात आणि फायदा तेवढाच.

पैशाचा हिशोब: देशी पाचशेचा डबा मला २६० ला पडला, म्हणजे छर्‍याला ५२ पैसे. परदेशी ११५० ला, म्हणजे दोन रुपये तीस पैसे. रोज साठ छर्रे मारणाऱ्याला महिन्याला ९४० विरुद्ध ४१४०. तिथे मी पुन्हा थोडा बदललो. सरावातला मोठा भाग उभं राहणं, श्वास, घोडा दाबणं यात जातो आणि त्यासाठी देशी चालतो, फक्त कागदाकडे बघून निष्कर्ष काढू नका. शेवटचे वीस छर्रे ४.५० चे, आणि गुण फक्त त्यांचे. असा खर्च महिन्याला दोन हजारांच्या आसपास बसतो.

आता एप्रिलमधला बिघाड. ब्रीचची गळती ओळखायला पातळ टिश्यूची पट्टी जोडावर आडवी ठेवा आणि, छर्रा घालून, समोर पक्का अडसर ठेवून, मारा. पट्टी उडाली की ओ-रिंग गेली. रिंग नखाला जाणवेल इतकी पृष्ठभागाच्या वर हवी. माझी सपाट झाली होती आणि एका जागी चिरली होती. सुईने काढा, जुनी रिंग घेऊन हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या दुकानात जा, जाडी आणि आतला व्यास जुळवून नायट्राइल रबराची घ्या. वॉटर फिल्टरची मऊ रिंग बसते पण महिन्यात दबते. नवी रिंग थोडी खोल बसली तर खाली ओव्हरहेड ट्रान्सपरन्सीच्या पातळ फिल्मची गोल पट्टी कापून घाला.

गळतीने वेग १९० वरून १६० वर आला होता. पण फक्त वेगाने २८ मिमी होत नाही. दहा मीटरवर १९० चा छर्रा साधारण १४ मिमी खाली येतो, १६० चा १९ मिमी. फरक पाचेक मिलिमीटरचा, तोही उभा. माझा ग्रुप आडवाही पसरला होता. ते काम स्क्रूंचं. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डला एक-दोन असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क, लाकूड आटतं आणि हे स्क्रू आपोआप सैल होतात. दर दोनशे छर्‍यांनी तपासा. पुढच्या दोन स्क्रूंना निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, एक थेंब पुरतं. आवळताना लाकूड चेपेल इतका जोर नको. नळीचा बिजागरी बोल्टही पाहा: बंदूक कोंबलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवलेली, असताना नळी जिथे सोडाल तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. कोंबलेल्या बंदुकीवर हे करताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरा. घोडा सुटला तर नळी झटक्याने वर येते आणि बोटं तोडते.

रिंग आणि स्क्रू झाल्यावर वेग १८८, ग्रुप पुन्हा दहाच्या आत. स्प्रिंग जुनीच आहे.

स्प्रिंग लवकर मरते ती दोन कारणांनी. एक, छर्‍याशिवाय घोडा दाबणं. पुढे छर्रा नसला की हवेची गादी बनत नाही आणि पिस्टन थेट भिंतीवर आदळतो. घरी आलेला प्रत्येक पाहुणा हेच करतो, हातात देऊ नका. दोन, दाबकक्षात शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल सोडणं. दाबाने हवा इतकी तापते की तेल पेटतं, निळसर धूर आणि मोठा आवाज येतो, आणि सील जळतं. तिथे फक्त सिलिकॉनचं चेंबर ऑइल, एक थेंब, तेही किरकिर ऐकू आली तरच. बिजागरीला मॉली ग्रीस.

दुर्बीण मी काढून ठेवली. साधी ३-९x४० दुर्बीण १०० यार्डांवर जुळवलेली असते, दहा मीटरवर डोळा जरा हलला की नेम हलतो. शिवाय स्प्रिंग बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे येतो, त्याने साध्या दुर्बिणीचं आतलं काम ढिलं होतं. नळीच्या टोकावरची माशी आणि मागचा नेमपट्टा पुरेसा आहे, पण माशी सरळ आहे का ते बघा. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीची माशी हलकी वाकवलेली असते, तशी नव्या बंदुकीचीही येऊ शकते.

टेकू म्हणून घडी केलेली सोलापुरी चादर वापरा, वाळूची पिशवी नको. स्प्रिंगची बंदूक घट्ट धरली तर ग्रुप फुटतो, कारण छर्रा नळीतून निघण्याआधीच धक्का सुरू झालेला असतो. डावा तळवा मोकळा, बंदूक चादरीवर, प्रत्येक वेळी दस्त्याची तीच जागा. पेन्सिलची खूण करून ठेवा. जागा एक इंच सरकली तरी ग्रुपचा मध्य हलतो, हे वारंवार मोजून पाहिलं आहे.

अडसर म्हणजे १२ मिमीच्या प्लायची पेटी, मागे तीन मिमीचा पत्रा आणि आत लूमच्या चिंध्या ठासून. आपल्याकडे त्या किलोने मिळतात. पेटी भरताना मधली जागा घट्ट हवी, दर हजार छर्‍यांनी चिंध्या उलटून शिसं वेगळं काढा आणि त्यानंतर हात साबणाने धुवा. छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा. गच्चीवर मोकळ्या बाजूला तोंड करून मारू नका. हा छर्रा काही शे मीटर जातो.

नळी सहसा साफ करायला लागत नाही. ग्रुप सावकाश उघडत गेला तरच, मासेमारीच्या दोऱ्याला कापडाचा तुकडा बांधून ब्रीचकडून तोंडाकडे ओढा, कोरडाच. त्यानंतरचे पहिले वीस-तीस छर्रे मोजू नका, शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत ते भरकटतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर बंदुकीला साडेतीन. कापलेल्यातला अर्धा गुण ओ-रिंगचं माप पुस्तिकेत नाही म्हणून. परदेशी ४.५० च्या डब्याला साडेचार. दुकानातल्या सर्व्हिसला शून्य. चौथा देशी डबा मागवलेला आहे. त्यातली दहा डोकी काढून रेषा मोजल्या की इथेच खाली आकडे लिहीन.