सेनापतींना लगाम कोणी घातला? रोमची पश्चिम बाजू अभ्यासाला घ्यावी की पूर्व

रोमच्या शेवटच्या काळावर कोणाला सेमिनार द्यायचाय, पेपर लिहायचाय किंवा नुसतं मन लावून वाचायचंय, आणि प्रश्न हाच घ्यायचाय की फौज हातात असलेल्या माणसाला दरबार कसा ताब्यात ठेवतो, तर समोर दोन रस्ते आहेत, रावेन्ना म्हणजे पश्चिम रोमन साम्राज्याचा दरबार, नाहीतर कॉन्स्टँटिनोपल म्हणजे पूर्वेचा. माझं मत आधीच सांगतो, पूर्व घ्या. पण पूर्वेने काय साधलं हे पश्चिमेची दोन प्रकरणं नीट वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवूनच बघूया.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच आहे. सम्राट डायोक्लेशियन आणि मग कॉन्स्टंटाइन ह्यांनी लढणारे वेगळे आणि कारभार बघणारे वेगळे केले. प्रीटोरियन प्रीफेक्ट हा पूर्वी फौजही हाकायचा, त्याच्याकडून फौज काढली आणि कर, रसद, न्याय एवढं ठेवलं. फौज गेली मॅजिस्टर म्हणजे सेनापतीकडे. म्हणजे ज्याच्याकडे तलवार त्याच्याकडे कोठाराची किल्ली नाही. कागदावर उत्तम.

फरक पडला तो पुढे. पश्चिमेत एकच सरसेनापती सगळ्यांच्या डोक्यावर बसला, इतका की सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांमध्ये माणसंसुद्धा त्याच्याच ऑफिसातून जायची. पूर्वेत पाच सेनापती, त्यातले दोन राजधानीजवळ बरोबरीच्या हुद्द्याचे, बाकी तीन थ्रेस, इलिरिकम (हे दोन्ही बाल्कनमधले प्रदेश) आणि पूर्व सरहद्द असे वाटून दिलेले. नोटिटिया डिग्निटाटम ही पदांची यादी दोन्ही भागांची आहे, ती समोरासमोर ठेवून वाचली की निम्मं उत्तर तिथेच मिळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा असं मी आग्रहाने सांगेन.

आता 408 साल घ्या, कारण ह्या एका वर्षात दोन्ही बाजू अगदी स्पष्ट दिसतात. मे महिन्यात पूर्वेचा सम्राट आर्केडियस वारला, मागे सात वर्षांचा मुलगा, थिओडोसियस दुसरा. सेनापतीने मुलाला मांडीवर बसवून राज्य गिळायला ह्याहून चांगली संधी कुठली? पण कारभार गेला प्रीफेक्ट अँथेमियसकडे, म्हणजे बिनलष्करी माणसाकडे, आणि त्याने तो काही वर्षं नीट चालवला, राजधानीची ती प्रचंड नवी तटबंदीसुद्धा त्याच्याच काळात उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पश्चिमेत ऑलिंपियस नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने सम्राट होनोरियसचे कान भरले, पाव्हियाच्या छावणीत बंड झालं आणि सरसेनापती स्टिलिको रावेन्नाच्या एका चर्चमध्ये आश्रयाला गेला. शिपायांनी शपथेवर सांगितलं की फक्त अटकेचा हुकूम आहे, तो बाहेर आला आणि लगेच दुसरं पत्र वाचलं गेलं, मृत्यूदंडाचं. त्याची माणसं सोडवायला धावली तर त्याने स्वतःच त्यांना थांबवलं. वरवर बघितलं तर हा दरबाराचा विजय आहे ना, सेनापती गेला, नागरी अधिकारी जिंकला! पण लगेच इटलीच्या शहरांमध्ये परकीय सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली, ते हजारो सैनिक उठून गॉथ ह्या जर्मानिक लोकांचा राजा अलारिक ह्याच्याकडे गेले आणि 410 मध्ये रोम लुटलं गेलं. सेनापती मारणं आणि सेनापती ताब्यात ठेवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पश्चिमेला पहिलीच जमली.

454 मध्ये पुन्हा तेच. पश्चिमेचा सरसेनापती एटियस महसुलाचा हिशेब सांगत होता आणि सम्राट व्हॅलेंटिनियन तिसरा जागेवरून उठून तलवार घेऊन त्याच्यावर धावला, सोबत खोजा हेराक्लियस. सहा महिन्यांच्या आत एटियसच्याच जुन्या माणसांनी सम्राटाला मैदानात कापलं आणि आजूबाजूचे सैनिक नुसते बघत राहिले. म्हणजे पदावरचा माणूस गेला तरी फौजेची निष्ठा सिंहासनाकडे आलीच नाही. त्यानंतर सेनापती रिसिमर सम्राट बसवत आणि उठवत राहिला, मेजोरियनसारखा कर्तबगार सम्राटही त्याने 461 मध्ये संपवला. हा भाग वाचायला थरारक आहे पण आपल्या प्रश्नाला फार नवीन काही देत नाही, पटकन उरका.

पूर्व स्वच्छ होती असं मात्र समजू नका. गॉथ सेनापती गाइनास 400 साली राजधानी जवळपास ताब्यात घेऊन बसला होता, शहरातल्या लोकांनी त्याच्या गॉथांना मारलं, काहींना चर्चसकट जाळलं, आणि त्याला समुद्रावर हरवलं ते फ्राव्हिटाने, जो स्वतःही गॉथ सेनापतीच होता. पुढे सेनापती अस्पारने मार्शियन आणि लिओ असे दोन सम्राट बसवले. लिओने त्याला 471 मध्ये महालात मारलं खरं, पण त्याआधी काही वर्षं इसॉरियन म्हणजे आशिया मायनरच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा नवा गट उभा केला, त्यांच्यातल्या झेनोला जावई केलं, एक्सक्युबिटर नावाचं वेगळं पहारा दल काढलं. हत्या तितकीच क्रूर, फक्त तिच्याआधी पर्यायी बळ तयार होतं. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो 443 चा कायदा, ज्यात सरहद्दीच्या फौजेची स्थिती दरवर्षी सम्राटाला कळवायचं काम एका नागरी अधिकाऱ्याकडे दिलं. असल्या कोरड्या कागदांमध्येच खरं नियंत्रण असतं आणि लोक नेमके तेच वगळून खुनांवर पानं भरतात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैशाची बाजू सोडू नका. पूर्वेकडे इजिप्त, सिरिया, आशिया मायनरचा कर येत राहिला, पश्चिमेचं उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज 439 मध्ये व्हँडल टोळ्यांनी घेतलं. पगार वेळेवर देणारा दरबार असेल तर सैनिकाला सेनापतीच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून सगळं श्रेय पूर्वेच्या रचनेला देणंही चूकच होईल आणि तुमच्या लिखाणात हे आलंच पाहिजे.

तर ठरवताना असं बघा: वेळ कमी असेल, एखाद्या माणसाभोवती गोष्ट सांगायची असेल तर पश्चिम, स्टिलिको एकटा पुरेल. व्यवस्था समजून घ्यायची असेल तर पूर्व, आणि कालखंड 408 ते 491 धरा. 491 मध्ये, पुढे सम्राट झालेला तोच झेनो वारल्यावर त्याची राणी आरियाद्नेने नवा सम्राट म्हणून कोणी सेनापती निवडला नाही, अनास्तासियस नावाचा महालातला अधिकारी निवडला, ज्याने मरताना 3,20,000 पौंड सोनं खजिन्यात ठेवलं असं इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. त्याच वर्षी इटलीत सेनापतीचा राजा झालेला ओडोएसर रावेन्नात अडकला होता आणि बाहेर गॉथांचा राजा थिओडोरिक ह्याचा वेढा पडलेला होता.