अपघातग्रस्त युनिकॉर्न दुरुस्त करावी की विकावी: उद्यमनगरातील एका गॅरेजचा अनुभव

नोव्हेंबर २०२५ मध्ये, उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, कागलहून रात्री परतणाऱ्या माझ्या मुलाने मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली चुकवण्यासाठी गाडी बाजूला घेतली आणि पुढचे चाक थेट दुभाजकावर आदळले. मुलाच्या मनगटाला प्लास्टर घालावे लागले, पण त्यापलीकडे काही झाले नाही, हे आमचे मोठे भाग्य. गाडी मात्र टेम्पोत घालूनच घरी आणावी लागली. २०१७ ची होंडा युनिकॉर्न, दीडशे सीसीची, ६१ हजार किलोमीटर चाललेली. पुढचे दोन्ही शॉकअप मागे सरकलेले, हॅण्डल वाकडे, हेडलाइट आणि मडगार्ड फुटलेले, अलॉय चाकाची कड दबलेली. पुढचे तीन आठवडे घरात एकच प्रश्न होता, की हिच्यावर पैसे घालावेत की आहे त्या स्थितीत विकून मोकळे व्हावे. या काळात मी तीन ठिकाणी गेलो. त्यांपैकी कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात असलेल्या एका लहान गॅरेजची सेवा मला सविस्तर लिहिण्याजोगी वाटली. तिथल्या मिस्त्रींना प्रसिद्धी नको असल्यामुळे नाव देत नाही.

पहिल्यांदा गेलो ते अधिकृत सेवा केंद्रात. तिथे गाडी न उघडता, बाहेरून दिसणाऱ्या भागांची यादी करून २७,४०० रुपयांचा अंदाज हातात दिला गेला आणि खाली ‘चेसिसचे काम निघाल्यास खर्च वेगळा’ अशी ओळ लिहिलेली होती. माझा आक्षेप रकमेवर नाही, कारण नवे मूळ सुटे भाग आणि प्रशिक्षित माणसांची मजुरी यांचे पैसे पडणारच. आक्षेप त्या शेवटच्या ओळीवर आहे. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ आहे की नाही, हाच तर निर्णयाचा मुख्य आधार, आणि तोच भाग मोकळा सोडून दिलेला आकडा ग्राहकाच्या काहीही कामाचा नाही.

त्यानंतर जुन्या गाड्यांच्या एका दलालाला गाडी दाखवली. त्याने ११,००० रुपये देऊ केले. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे जुन्या गाडीला आता कोण विचारतो, असे त्याचे म्हणणे होते. ते काही अंशी मान्य करता येईल. मात्र मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचे नाव न लिहिता माझ्या सह्या मागितल्या, तेव्हा मी उठलो. आरसी बुकावर ज्याचे नाव असते तोच कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो आणि गाडी विकल्यानंतरही नोंद बदललेली नसेल, तर पुढे होणाऱ्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मोडकी गाडी विकणाऱ्या माणसाला ती लवकर दारातून जावी अशी घाई असते आणि कोऱ्या सह्या नेमक्या त्याच घाईत होतात. ज्यांना विकायची आहे त्यांनी खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख घातल्याशिवाय सही करू नये आणि हस्तांतराची सूचना चौदा दिवसांच्या आत आरटीओकडे स्वतः द्यावी.

उद्यमनगरातील मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत सांगितले, ‘‘काका, चेसिस बघितल्याशिवाय आकडा बोलणार नाही. तपासायचे सहाशे रुपये होतील, काम इथे केलंत तर बिलात वळते करतो.’’ दुरुस्ती करायची की नाही हे ठरवण्यासाठी वेगळे पैसे मोजणे अनेकांना जड जाते. मलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण त्या सहाशे रुपयांत मला जे पाहायला मिळाले, ते बाकी दोन्ही ठिकाणी मिळाले नव्हते.

त्यांनी पुढचे चाक, शॉकअप, हॅण्डल आणि टी (दोन्ही शॉकअप धरणारा, मधोमध दांडी असलेला भाग) उतरवली आणि चेसिसची मान, म्हणजे ज्या नळीत कोनसेट (हॅण्डल ज्यावर फिरते ते बेअरिंग) बसतो तो भाग, मोकळा केला. युनिकॉर्नची चेसिस डायमंड प्रकारची आहे, म्हणजे इंजिनाखालून जाणारा पाळणा तिला नाही, इंजिनच सांगाड्याचा भाग म्हणून भार घेते. त्यामुळे समोरून बसलेला धक्का मानेच्या वेल्डिंगवर आणि इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगवर येतो. मिस्त्रींनी मानेभोवतीचा रंग पॉलिशपेपरने घासून काढला, जोडांवर रॉकेल लावले, थोड्या वेळाने ते कापडाने कोरडे पुसले आणि वर पांढरा खडू घासला. बारीक भेग असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल पुन्हा झिरपते आणि खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही दोघे दहा मिनिटे त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहत उभे होतो. रेघ उमटली नाही. इंजिनाच्या माउंटिंगवरही तीच कृती झाली. मग शेजारच्या लेथवर जुनी टी बांधून तिची दांडी फिरवली, तेव्हा डायल गेजचा काटा सरकला आणि टी वाकल्याचे नक्की झाले. शॉकअपचे पाइप जाड काचेवर ठेवून लोळवले, तर काच आणि पाइप यांच्यामधून उजेड दिसत होता. शेवटी गॅरेजमधली चांगली टी, पाइप आणि चाक तात्पुरते बसवून, मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून दोन्ही चाके एका रेषेत येतात हे मला दाखवले. धक्का टी, पाइप आणि चाक यांनी सोसला होता, चेसिसपर्यंत पोहोचला नव्हता.

यानंतर निर्णय सोपा झाला. माझ्या गाडीसारखीच, चांगल्या स्थितीतली युनिकॉर्न घ्यायची तर बाजारात ४० हजारांच्या आसपास मोजावे लागत होते. माझी ११ हजारांना देऊन तशी दुसरी घेतली असती, तर खिशातून २९ हजार गेले असते आणि पदरात पडली असती दुसऱ्या कोणी वापरलेली, इतिहास ठाऊक नसलेली गाडी. सेवा केंद्राच्या २७,४०० रुपयांशी तुलना केली तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होती. मिस्त्रींचा अंदाज १५ हजारांचा होता आणि प्रत्यक्ष बिल १४,८५० झाले, त्यात सुट्या भागांचे ११,२०० आणि तपासणीचे सहाशे वळते करून मजुरीचे ३,६५०. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की विकून टाकावी, असे सर्रास म्हटले जाते. मला तो हिशेब अपुरा वाटतो, कारण विकल्यानंतर दुसरी गाडी घ्यावीच लागणार असेल, तर तिची किंमत हिशेबात धरलीच पाहिजे. मानेवर भेग निघाली असती तर मात्र मी त्याच दिवशी गाडी विकली असती. वाकलेली चेसिस शेगडीवर तापवून सरळ करून देणारे लोक आहेत, पण तापवलेल्या पोलादावर माझ्या मुलाला बसवण्याची माझी तयारी नाही. चेसिस नवी टाकायची तर तिच्यावरचा क्रमांकही बदलतो आणि त्याची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागते, म्हणजे एवढ्या जुन्या गाडीसाठी तो मार्गही परवडत नाही.

माझ्याकडे केवळ तृतीय पक्षाचा विमा होता, म्हणून सर्व खर्च मला सोसावा लागला. ज्यांचा सर्वसमावेशक विमा चालू आहे त्यांनी सर्वेक्षकाने पाहणी करण्याआधी गाडी उघडू देऊ नये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत नोंदवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी गाडी पूर्ण हानी झालेली मानते आणि मग प्रश्नाचे स्वरूपच बदलते. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे भागांची झीज न कापण्याची, जोड नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच किंमत मिळते, हेही आधी ठाऊक असलेले बरे.

गॅरेजच्या कामाविषयी सांगायचे तर पाइप सरळ करून बसवण्यास मिस्त्रींनी स्वतःहून नकार दिला. सरळ केलेल्या पाइपवरचा क्रोम काही महिन्यांत सोलतो, त्याने ऑइल सील कापले जाते आणि तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरते, हे त्यांनी एक जुना पाइप हातात देऊन समजावले. त्याच्यावरचे खवले मला नखाने काढता आले. दोन्ही पाइप, सील, टी, कोनसेट आणि चाक नवे घातले. बदललेले सगळे जुने भाग पोत्यात घालून परत दिले, जे मी मागितले नव्हते. तक्रारीही आहेत. सहा दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले आणि मधल्या दिवसांत फोन आम्हालाच करावा लागला. बिल साध्या कागदावर मिळाले. उद्या गाडी विकताना कोणते भाग नवे घातले हे दाखवण्यासाठी छापील बिल हवे होते, ते आग्रह धरूनही मिळाले नाही. मडगार्डचा काळा रंग टाकीच्या काळ्याशी जुळत नाही.

काम होऊन पाच आठवडे झाले. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर कोनसेट पुन्हा कसून घेण्यासाठी मिस्त्रींनी बोलावले होते, ते त्यांनी पैसे न घेता करून दिले. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही आणि ब्रेक दाबल्यावर हॅण्डल थरथरत नाही. मुलाचे प्लास्टर मागच्या सोमवारी निघाले. त्याने अजून गाडी घेतलेली नाही, सध्या ती मीच कार्यालयात नेतो आहे. पुढच्या महिन्यात सर्वसमावेशक विम्यासाठी गाडीची पाहणी करून घ्यायची आहे आणि त्या वेळी मिस्त्रींचा तो साधा कागदही सोबत ठेवणार आहे.