गाभण गप्पीला कुठे ठेवायचं: मोठ्या टाकीत, पेटीत की वेगळ्या टाकीत?

दुकानातून गप्पी, मॉली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल या अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या माशांची मोठी मादी आणली, तर ती गाभण आहे असंच धरून चाला. दुकानात नर-माद्या एकत्रच असतात. शिवाय या माद्या नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवतात, त्यामुळे घरच्या टाकीत एकही नर नसला तरी त्या पुन्हा पुन्हा वितात. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेलला साधारण चार आठवडे लागतात, मॉलीला त्याहून जास्त, कधी दीड-दोन महिनेही. म्हणजे आज जो प्रश्न पडलाय तो पुढच्या महिन्यात पुन्हा पडणार, आणि जी सोय कराल ती दर महिन्याला निभावता आली पाहिजे.

आधी ती खरंच गाभण आहे ना ते बघा. शेपटीच्या बाजूला, पोटाच्या मागच्या टोकाशी असलेला काळा डाग गडद आणि मोठा होत जातो. फिक्या रंगाच्या प्लॅटीत शेवटच्या दिवसांत त्या डागाच्या जागी बारीक काळे ठिपके दिसतात, ते पिल्लांचे डोळे. ब्लॅक मॉलीत मात्र डाग दिसतच नाही, तिथे पोटाचा आकार पाहावा लागतो. दिवस भरले की पोट गोल न राहता खालून चौकोनी होतं. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील, तर ते गाभणपण नसून जलोदर आहे. अशा मादीला इतर माशांपासून वेगळं काढा.

पहिला मार्ग म्हणजे तिला आहे तिथेच, सगळ्या माशांबरोबर ठेवणं. माझं मत आधीच सांगते: बहुतेक घरांसाठी हाच मार्ग योग्य आहे, अट एकच, टाकीत झाडं भरपूर हवीत. इथे प्लास्टिकच्या दोन-चार फांद्या कामाच्या नाहीत. जावा मॉस, हॉर्नवर्ट, गप्पी ग्रास, पृष्ठभागावर तरंगणारी वॉटर लेट्यूस असं दाट काहीतरी लागतं. पिल्लू पोटातून वळकटी होऊन बाहेर येतं, क्षणभर खाली जातं, सरळ होतं आणि थेट वरच्या झाडीकडे धाव घेतं. वर हॉर्नवर्टचा जाड थर असेल तर ते त्यात शिरतं आणि मागे लागलेला मासा बाहेरच अडतो. हे एकदा नीट पाहिलं की झाडांवर खर्च का करायचा हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या मार्गात मादीला काहीच त्रास नसतो. पाणी तेच, तापमान तेच, लपायची जागाही ओळखीची. पिल्लं मात्र सगळी वाचत नाहीत. आईसुद्धा त्यांना खाते. त्यात क्रूरपणा काही नाही, समोर हलणारं बारीक दिसलं की ते तिच्यासाठी खाणं असतं. टाकीत एंजल, गुरामी, टायगर बार्ब किंवा फायटर असेल तर हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. निऑन टेट्राचं तोंड लहान असलं तरी नुकतं जन्मलेलं पिल्लू तेही सोडत नाहीत. सोबतीला फक्त कोरीडोरास (तळाशी राहणारे लहान मासे) आणि गोगलगायी असतील, तर झाडीतून दर खेपेला थोडी पिल्लं आपसूक मोठी होतात, आणि घरच्या टाकीला तेवढी पुरतात. पॉवर फिल्टर असेल तर त्याच्या पाणी ओढायच्या तोंडावर स्पंज बसवायला विसरू नका, नाहीतर माशांच्या तावडीतून सुटलेली पिल्लं फिल्टरमध्ये जातील.

पेटी

दुकानदार सहसा पहिल्यांदा हीच दाखवतो: वीतभर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची पेटी, टाकीच्या काचेला आतून लावायची, मध्ये फटी असलेली पट्टी. मादी वर राहते, पिल्लं फटीतून खाली पडतात. स्वस्त आहे, जागा लागत नाही, आणि मोठ्या टाकीचंच पाणी व हीटर वापरता येतो. कागदावर याहून चांगला पर्याय नाही.

प्रत्यक्षात मादीकडे पाहा. ती काचेला तोंड घासत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरत राहते, पाच मिनिटांनीही थांबत नाही. आत पाणी फारसं खेळत नाही, खाल्लेलं आणि टाकलेलं तिथेच साचतं. असा ताण आला की मादी पिल्लं रोखून धरते, किंवा वेळेआधी टाकते. अशा पिल्लांच्या पोटाला बलकाची पिशवी तशीच लटकलेली दिसते आणि ती बहुधा जगत नाहीत. काही माद्या ताणानेच मरतात. लोक पोट मोठं दिसलं की आठवडाभर आधीच मादीला पेटीत टाकतात, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. मॉली आणि स्वोर्डटेल तर अंगानेच मोठ्या, त्यांना पेटीत घालूच नये.

पेटी वापरायचीच असेल तर अगदी शेवटच्या काही तासांसाठी. मादी खाणं सोडते, हीटरमागे किंवा कोपऱ्यात एकटी थांबते, अधूनमधून अंग थरथरवते, तेव्हा वेळ जवळ आलेली असते. विणं काही तासांत उरकतं, मग तिला लगेच बाहेर सोडायचं. याहून चांगला उपयोग उलटा आहे: मादीला टाकीतच विऊ द्या आणि झाडीत लपलेली पिल्लं कपाने उचलून पेटीत ठेवा. पिल्लांना ती जागा पुरते. जाळीची पेटी मिळाली तर तीच घ्या, तिच्यातून पाणी खेळतं.

वेगळी टाकी

पूर्वीपासून मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते, तशी ही सोय. एक फूट लांब-रुंद-उंच काचेच्या टाकीत साधारण २८ लिटर पाणी मावतं, तेवढी एका मादीला पुष्कळ. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, २५ वॅटचा हीटर, तळाला वाळू नको म्हणजे साफसफाई सोपी, आणि मॉसचा मोठा गोळा. फिल्टरचा स्पंज मात्र नवा कोरा नको. तो आधी मोठ्या टाकीत महिनाभर चालवून घ्या म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसतात. टाकीही मोठ्या टाकीतल्या पाण्यानेच भरा. मादीला दिवस भरायच्या आधी दोन आठवडे हलवा, शेवटच्या दिवसांत जाळ्याने पकडणं टाळा. व्याल्यावर तिला परत सोडा आणि टाकी पिल्लांना ठेवा.

सगळी पिल्लं हवी असतील तर हाच मार्ग. पहिलटकरणीला पाच-दहा पिल्लं होतात, पूर्ण वाढलेल्या गप्पीला तीस-चाळीस, कधी शंभरावरही. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा बारीक खाणं लागतं: चुरलेले फ्लेक्स, शक्य असेल तर घरी उबवलेला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीच्या जातीचे अगदी बारीक जीव. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण अगदी चिमूटभर, नाहीतर पाणी एका रात्रीत सडतं. मॉलीसाठी आणखी एक फायदा: तिला थोडं मीठ मानवतं, ते इथे घालता येतं. टेट्रा आणि कोरीडोरास असलेल्या मोठ्या टाकीत ते घालू नये.

पुण्यात या टाकीची खरी परीक्षा पाण्याची आणि थंडीची. या माशांना किंचित जड पाणी आवडतं. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, बादलीवर पांढरा थर धरतो, तिथे मॉली सुखात राहते. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ, गप्पीला चालतं, पण त्यातलं क्लोरीन आधी काढायला हवं: एक दिवस उघड्या बादलीत ठेवा किंवा अँटीक्लोरीन घाला. लहान टाकीचं पाणी वरचेवर बदलावं लागतं, आणि महापालिका दुरुस्तीसाठी बहुतेकदा गुरुवारी पाणी बंद ठेवते, शुक्रवारी ते उशिरा व कमी दाबाने येतं. म्हणून बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवलेल्या बऱ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा लहान टाकी मोठीपेक्षा फार लवकर गार पडते. तापमान २४ ते २७ अंशांत राहील एवढं बघा. हीटर घ्यायचा नसेल तर हिवाळ्यात वेगळी टाकी लावूच नका, मादीला मोठ्या टाकीत राहू द्या.

एवढं केल्यावर पन्नास पिल्लांचं पुढे काय, हे आधी ठरलेलं असावं. चार-सहा आठवड्यांत नर-मादी ओळखू येतात, तेव्हाच वेगळे करा, नाहीतर दोन-तीन महिन्यांत हीच पिल्लं गाभण होतात. बरेच दुकानदार गप्पी आणि प्लॅटी परत घेतात, आधी विचारून ठेवा. मुळा-मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडणं हे आरोग्य विभागाचं काम आहे. वाहत्या पाण्यात ते इथल्या देशी माशांच्या अन्नावर आणि पिल्लांवर उठतात.

मोठ्या टाकीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट कराच: एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. नर जास्त असले तर ते व्यायलेल्या मादीच्या मागे त्याच दिवशी लागतात, आणि मग टाकी कितीही मोठी असली तरी तिला विसावा मिळत नाही.