बोटीच्या स्टिअरिंगला बेळगावात विणलेला दोर : माझा रिव्ह्यू

बोट गोव्यात आणि दोरकाम बेळगावात, ऐकायला कसंतरी वाटेल पण काम एवढं झकास झालंय की लिहिल्याशिवाय राहवेना. माझ्या आतेभावाची छोटी शिडाची बोट मांडवीत असते, तिचं स्टिअरिंग व्हील स्टेनलेस स्टीलचं, दुपारच्या उन्हात हात लावू देत नाही आणि पाणी उडालं की सटकतं. चामड्याचं कव्हर त्यानं लावून बघितलं होतं, पावसाळ्यात बुरशी आली. मग मी म्हटलं व्हील काढ आणि चोर्ला घाटानं वर घेऊन ये, आमच्या रविवार पेठेच्या बाजूला एक मामा आहेत, बैलांच्या मोरक्या, कासरे, गोंडे, चाबकाच्या मुठी सगळं हातानं विणतात, त्यांना दाखवूया.

मामांनी व्हील मांडीवर घेतलं, गोल फिरवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ह्याच्यावर पाणी गोडं पडतंय काय खारं ओ?" मला तिथंच पटलं की माणूस बरोबर सापडला. कारण सगळं त्याच्यावरच आहे. सुती दोर भिजला की आखडतो आणि वीण घट्ट बसते, ते चांगलंच, पण खारं पाणी मुरलं की मीठ ओल धरून ठेवतं, सूत पूर्ण वाळतच नाही आणि काळं पडतं. नायलॉन उलट, भिजला की थोडा सैलावतो, मग वीण पाइपवर फिरायला लागते. म्हणून शेवटी ३ मिमीचा पॉलिस्टरचा गोल विणलेला दोर घेतला, तो उन्हातपण टिकतो. हाताला सूतच जास्त छान लागतं हे मी मान्य करतो, शहापूर-वडगावच्या विणकरांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला सुताचं प्रेम असणारच, पण उघड्या कॉकपिटला, म्हणजे बोटीत व्हील धरून बसायच्या जागेला, पॉलिस्टरच बरोबर.

दोर किती लागतो ह्याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. हे व्हील ३२ इंचांचं, म्हणजे परीघ अडीच मीटरच्या वर, पाइप २५ मिमी जाड. नुसता वेढा मारत गेलं तरी ७५ मीटर जातो, आणि इथं तर दर वेढ्याला गाठ, म्हणून १०० मीटरच्या वर दोर हाताशी ठेवूनच सुरू करायचं, मधेच जोड आला की तो लपवणं अवघड.

आता मेन काम. दर्यावर्दी लोक ज्याला कॉक्सकोंबिंग म्हणतात ती वीण आहे ही, एक वेढा उजवीकडून आणि अर्धी गाठ, पुढचा वेढा डावीकडून आणि अर्धी गाठ, असं आलटून पालटून गेलं की सगळ्या गाठी एका रांगेत बसून वेणी तयार होते. एकाच बाजूनं गाठी मारत गेलं तर ती रांग पाइपभोवती गोल गोल फिरत जाते. मामांनी वेणी व्हीलच्या आतल्या कडेला घेतली, जिथं आपली बोटं वळतात तिथं, आणि पूर्ण फेरीत ती कुठंच हललेली नाही, मी नखानं चाचपत गेलो, एक गाठ पुढं मागं नाही. दर चार-पाच वेढ्यांनी ते दाभणाच्या मागच्या टोकानं वीण दाबून घेत होते.

आऱ्या सहा आहेत, तिथं वीण तुटतेच. तिथली टोकं झाकायला दोन्ही बाजूंना टर्क्स हेड, म्हणजे पगडीसारखी गोल गाठ. ही गाठ एकाच दोरानं विणायची तर पदर (शेजारी शेजारी जाणारे दोर) आणि कडेचे फुगे (दोर कडेला वळतो ती वळणं) ह्यांच्या आकड्यांना १ सोडून सामाईक भाजक चालत नाही, ३ पदर ५ फुगे होतं, ३ पदर ६ फुगे होत नाही. मामांना हे सांगायला गेलो तर म्हणाले, "ते सहाचं बसत नाही बगा, चाबकाच्या मुठीवर पण बसत नाही." हिशोब कागदावर न मांडता हाताला माहीत, ह्याला म्हणतात कसब.

सगळ्यात मोठी गाठ वरच्या आरीवर, आणि ती शोभेसाठी नाही. सुकाणू सरळ असताना जी आरी वर असते ती किंग स्पोक, तिच्यावर जाड गाठ असली की रात्री अंधारात न बघता हाताला कळतं सुकाणू मधोमध आहे. म्हणून व्हील काढायच्या आधी सुकाणू सरळ करून वरच्या आरीला टेप लावा, भावानं लावली होती म्हणून बरं. म्हादई, म्हणजे गोव्यातली मांडवीच, आमच्या खानापूर तालुक्यातनं निघते, तिच्याच नावाच्या नौदलाच्या शिडाच्या बोटीनं २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकटे जगाला फेरी मारून आले, अशा सफरीत रात्रभर हाताला काय लागतं ह्याचा विचार केला की ह्या गाठीची किंमत कळते.

नाराजी दोनच. शेवटी मामांनी वॉर्निशचे जाड हात मारले, त्यानं चमक आली पण पकड थोडी कमी झाली, आम्ही नंतर घासून उतरवलं. तुम्ही गेलात तर वॉर्निश नको म्हणून आधीच स्पष्ट सांगा. दुसरं म्हणजे सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला, फोन केला की "उद्या देतो ओ". मजुरी ३५०० रुपये, दोर आपला. एवढ्या बारीक कामाला मला हे जास्त वाटत नाही, उलट मी थोडे वर दिले.

पाच पैकी साडेचार. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेचा बैलांचा सण, त्याच्या आधी मात्र जाऊ नका, तेव्हा दुकानात गोंड्यांचा ढीग असतो आणि मामांना मान वर करायला फुरसत नसते. तो झाला की जा, पावसात बोटी वर ओढलेल्याच असतात, तेव्हा व्हील सहज काढून आणता येतं.