फेझमधला जुम्म्याचा कुसकुस आणि अम्मीचा ताकभात

परदेशात हॉटेलात शिरलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: हलाल आहे का? बँकॉकला विचारलं, सिंगापूरला विचारलं, सवयीने मोरोक्कोतल्या फेझ शहरातही विचारलं. वेटर आधी माझ्याकडे, मग माझ्या अम्मीच्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघत राहिला. "मदाम, इथं दुसरं काय असणार?"

मोरोक्कोत मटण-कोंबडीची चिंता नाही. विचारायचं ते दारूचं. मेकनेसच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत, देशातच वाईन बनते आणि पर्यटकांच्या बऱ्याच हॉटेलांत ती मिळते. जिथे दारू मिळते तिथे अम्मी जेवायला बसत नाही. म्हणून आमच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने तिच्या फ्रेंचमध्ये (अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेलं, ते असं कामाला आलं) विचारलं, "वाईन मिळते का?" वेटरचा चेहरा पडला. "सॉरी, आमच्याकडे नाही. पण दोन गल्ल्या सोडून..." काय झालं ते अम्मीला कळलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

हॉटेलाचं नाव देत नाही, कारण पुढे बिलाची कुरबुर आहे. तला कबीरा नावाचा मोठा उतार बाब बुजलूद दरवाजापासून खाली जातो, त्याच्या पोटातल्या गल्लीत एक जुनं घर आहे. मधोमध चौक, भिंतीला कमरेपर्यंत झेलीजच्या बारीक फरशा, वर कोरीव लाकूड. चिपळूणला माझ्या नानीच्या घरालाही चौक होता, पण त्यात कारंजं नव्हतं, नारळ सोलायची पहार होती. वाटेत "बालाक! बालाक!" असं कानाशी ओरडलं की भिंतीला चिकटायचं, मागून खेचर येतंय.

शुक्रवार मुद्दाम निवडला होता. मोरोक्कोत कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, जुम्म्याचा. करवीयीन मशिदीत अम्मी नमाजला गेली (ही मशीद सन 859 मधली, फातिमा अल-फिहरी या बाईने बांधलेली म्हणून सांगतात). मैत्रीण मुसलमान नसल्याने तिला आत जाता येत नव्हतं, ती दाराबाहेर थांबली. तिथून जेवायला पोचलो तर दुकानांची अर्धी फळी बंद आणि गल्ल्यांत घरोघरच्या रश्शाचा वास.

आधी सॅलड आली. सॅलड म्हणजे काकडी-टोमॅटो नव्हे. छोट्या वाट्यांत शिजवलेल्या भाज्या, बहुतेक गारच. झालूक तोंडात घातल्यावर मैत्रीण म्हणाली, "हे तर भरीत!" अगदी तेच: वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, कच्च्या कांद्याऐवजी ऑलिव्हचं तेल. ती शाकाहारी आहे, तिचं निम्मं जेवण तिथंच झालं. तिच्यासारख्यांसाठी एक सूचना: मेनूवर "भाज्यांचा कुसकुस" दिसला म्हणून खूश होऊ नका. बऱ्याचदा तो मटणाच्याच रश्शावर शिजलेला असतो, वाढताना फक्त मटण वगळतात. इथे वेटरने विचारल्यावर खरं सांगितलं, हे त्याच्या खात्यात जमा.

मग पास्तिया. फेझची खासियत. मूळची कबुतराची, आता सर्रास कोंबडीची. कागदासारख्या पातळ वरका पाऱ्यांमध्ये केशर-आल्यात शिजवलेली कोंबडी, त्याच रश्शात आटवलेली अंडी, तळून कुटलेले बदाम, आणि वर पिठीसाखर नि दालचिनीच्या जाळीदार रेघा. अम्मीने रेघा बघितल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "कोंबडीवर साखर? चुकून आपल्याकडे आलं असेल गो." दोन घास मी खाल्ले, तिसऱ्याला ताट परत तिच्यासमोर गेलं होतं. पारी दाताखाली मोडते, मग बदाम, मग तिखट नसलेली पण मसाल्याने भरलेली कोंबडी, आणि शेवटी जिभेवर गोड. कोकणात आपण गोड वेगळं आणि सालन वेगळं असं शिकलेलो, त्यामुळे मेंदू जरा अडतो, एवढंच. नव्वद दिरहम, एक दिरहम तेव्हा साडेआठ-नऊ रुपयांचा होता.

लिंबाच्या लोणच्याचा चिकन ताजीन (उंच झाकणाच्या मातीच्या भांड्यातला रस्सा, भांड्याचं नावही तेच) मात्र मागवू नका. झाकण उचलण्याचा थाट मोठा, वाफ मोठी, पण तळाला मसाला धरलेलाच नव्हता. मातीच्या भांड्यात तासभर मंद आचेवर शिजलं की कांदा तळाला लागतो, तो खरवडून पावाने पुसायचा असतो. इथे रस्सा पाण्यासारखा सुटा आणि मीठ जास्त. कुकरमध्ये शिजवून ताजीनमध्ये ओतला असणार. कुकरला माझी हरकत नाही, तिथल्या घरांतही तो आहे. पण मग झाकणाचं नाटक कशाला?

आणि कुसकुस. यासाठी पन्नास मिनिटं थांबवलं, आणि थांबवलं ते बरं केलं. पाकिटातला झटपट कुसकुस गरम पाण्यात पाच मिनिटांत फुगतो आणि ओल्या रव्यासारखा लागतो. इथला तीनदा वाफवलेला होता. स्वयंपाकीण बाईंनी अम्मीला आत बोलावलं म्हणून मला बघायला मिळालं. खाली रस्सा उकळतोय, वर भोकांची चाळणी, तिच्यात कुसकुस. म्हणजे आपलं मोदकपात्रच, फक्त पाण्याऐवजी रस्सा, त्यामुळे प्रत्येक दाण्याला मटणाची वाफ. भांडं आणि चाळणी यांच्या सांध्यावर पिठात भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळलेली, वाफ बाजूने निसटू नये म्हणून. अम्मीने पट्टीला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे दमच्या बिर्याणीला कणकेने झाकण लिंपतात, त्याच कामाची ही पट्टी. एका वाफेनंतर कुसकुस मोठ्या परातीत ओतून, मिठाचं पाणी शिंपडून, हाताने गुठळ्या मोडायच्या, पुन्हा वाफेवर. शेवटी थोडं स्मेन, म्हणजे मुरवलेलं लोणी. त्याचा वास उग्र असतो, पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडंच घ्यावं.

परातीएवढ्या ताटात डोंगर करून आणलं. मधे मटण, भोवती गाजर, सलगम, कोबी, लाल भोपळा, वरून छोले. आम्हाला चमचे दिले होते. अम्मीने चमचा बाजूला ठेवला, बिस्मिल्ला म्हणाली आणि आपल्या समोरचंच हाताने खायला लागली. नानी आम्हाला लहानपणी हेच दटावायची, दुसऱ्याच्या समोरचं उचलायचं नाही. स्वयंपाकीण दारातून बघत होती, ती बाहेर आली आणि मटणाचा एक मोठा तुकडा अम्मीच्या बाजूला सरकवून गेली.

सोबत लबन येतं, म्हणजे ताकच, हिंग-जिऱ्याशिवाय. पोट भरल्यावर अम्मीने उरलेला कुसकुस आपल्या वाटीत घेतला, वरून ताक ओतलं आणि ताकभातासारखा कालवला. मी लाजून म्हटलं, "अम्मी, इथे नको ना." तेवढ्यात वेटर आनंदाने ओरडला, "सायकूक!" ताकातला कुसकुस हा तिथे खरंच एक पदार्थ आहे, उन्हाळ्यात लोक आवडीने खातात. अम्मीने माझ्याकडे असं बघितलं की अजून सांगायची सोय नाही.

पुदिन्याचा चहा हातभर उंचीवरून ओतला, फेस धरला, दिसायला सुंदर. अम्मीचं मत: "चहा नाही हा, पाक आहे." साखर कमी घाला म्हणून आधीच सांगा.

आता बिल. सॅलड 60, पास्तिया 90, ताजीन 110, दोघांपुरता कुसकुस 220, तीन चहा 60, मिळून 540. आलं 660. न मागता टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांचे 60 (तशी बाटली बाहेर सहा-सात दिरहमला मिळते) आणि वर दहा टक्के सर्व्हिस, जी मेनूवर कुठेही लिहिलेली नव्हती. विचारलं तर मघाचा हसरा वेटर अचानक फक्त फ्रेंच बोलायला लागला. मैत्रिणीचं बारावीचं फ्रेंच तेवढं पुरलं नाही. दिले पैसे.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारीच जा, सकाळी जाऊन कुसकुस सांगून ठेवा, बाटली आली की झाकण उघडायच्या आत परत करा. अम्मीने निघताना स्वयंपाकिणीकडून ती कापडाची पट्टी मागून घेतली. धुतलेली, जुनी. सध्या चिपळूणला मोदकपात्राच्या आत ठेवलेली आहे.