घराचा खरा भाव शोधायचा तर: नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चचं परीक्षण

कुठल्याही परिसरात फ्लॅटचा भाव विचारला की विकणारा एक आकडा सांगतो, एजंट दुसरा आणि मालमत्तेच्या संकेतस्थळावरची जाहिरात तिसरा. तिन्ही आकडे मागणीचे असतात. व्यवहार कितीला झाला हे त्यातून कळत नाही. ते कळण्याची जागा महाराष्ट्रात एकच आहे, सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो, नोंदवलेल्या दस्ताचा सारांश असलेला कागद. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर तो घरबसल्या, विनाशुल्क पाहता येतो. घर घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला इतकी उपयोगी दुसरी सरकारी सेवा सापडणं कठीण आहे, आणि वापरायला इतकी किचकट सेवाही. माहितीला पाचपैकी पाच गुण, मांडणीला जेमतेम दोन.

मोफत ई-सर्चमध्ये मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि शहरी भाग असे विभाग आहेत. मुंबईसाठी १९८५ पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी २००२ पासूनचे दस्त शोधता येतात. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि मिळकत क्रमांक भरायचा. बहुतेक जण अडतात ते इथेच. मिळकत क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर, गट नंबर, सिटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) किंवा प्लॉट नंबर, यापैकी दस्त टंकणाऱ्याने जो लिहिला तो. एकाच इमारतीतले काही दस्त सर्व्हे नंबरखाली आणि काही सिटीएसखाली नोंदलेले असू शकतात. म्हणून सोसायटीच्या एखाद्या जुन्या करारनाम्यातून सगळे क्रमांक उतरवून घ्या आणि प्रत्येक क्रमांकाने वेगळा शोध घ्या. हिस्सा नंबर असेल तर '४५/२' भरून पाहा, मग नुसतं '४५'. महसुली गावाचं नावही नीट तपासा, कारण लोकांच्या तोंडी असलेलं उपनगराचं नाव आणि कागदावरचं गाव पुष्कळदा वेगळं असतं. कॅप्चा एकदा भरून काहीच आलं नाही, तर 'नोंद नाही' असं समजू नका. नवा कॅप्चा भरून पुन्हा शोधा दाबा, यादी बहुधा तेव्हा उघडते. सूची २ वेगळ्या खिडकीत उघडते, त्यामुळे ब्राउझरचा पॉप-अप अडथळा आधीच काढून ठेवा.

सूची २ हाती आली की भावाच्या दृष्टीने सहा रकाने महत्त्वाचे: विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक आणि दस्त नोंदणी केल्याचा दिनांक. मोबदला म्हणजे खरेदीदाराने कबूल केलेली किंमत. बाजारभाव म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने रेडी रेकनर या सरकारी दर तक्त्यांवरून काढलेलं मूल्य. नाव 'बाजारभाव' असलं तरी बाजारात चालतो तो भाव हा नव्हे, आणि नवखे लोक नेमका हाच आकडा उचलतात.

सगळ्यात मोठी गफलत क्षेत्रफळात होते. समजा मोबदला ८४ लाख आणि क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे. ते कार्पेट, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र, असेल, तर १०.७६४ ने गुणून जवळपास ६४६ चौरस फूट येतात आणि दर पडतो चौरस फुटाला सुमारे १३,००० रुपये. तेच ६० चौरस मीटर बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून मोजलेले, असतील आणि बिल्टअप कार्पेटच्या १.२ पट धरलं असेल, तर कार्पेट ५० चौरस मीटर उरतं आणि दर १५,६०० वर जातो. एका शब्दाने २० टक्क्यांचा फरक पडतो. वर्णनाच्या रकान्यात कार्पेट की बिल्टअप, बाल्कनी आणि टेरेस धरली की वेगळी दाखवली, पार्किंग सोबत आहे का, हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा, २०१७ पासून पूर्ण लागू झालेला कायदा, त्याच्या व्याख्येतल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाहीत. २०१७ च्या आधीच्या करारांमध्ये ही शिस्त नव्हती, त्यामुळे जुन्या आणि नव्या इमारतींचे दर शेजारी ठेवताना हा हिशेब आधी जुळवून घ्यावा लागतो.

मग गाळणी. यादीतले बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार, चूक दुरुस्ती पत्र आणि गहाणासंबंधीचे दस्त बाजूला काढा. पुनर्विकासात जुन्या सभासदांना मिळणाऱ्या पर्यायी जागेचे करारही काढा; त्यात मोबदला शून्य किंवा नाममात्र असतो आणि सरासरी पार कोलमडते. रद्दलेख आहे का ते जरूर पाहा, कारण व्यवहार मोडला तरी मूळ करारनामा यादीत तसाच दिसत राहतो. मोबदला आणि सरकारी बाजारभाव जवळपास एकाच आकड्यावर येऊन थांबलेले दिसले, तर त्या नोंदीला जास्त वजन देऊ नका. तिथे काही रक्कम कागदाबाहेर गेलेली असू शकते. (स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. विकणाऱ्याने हा मोह टाळावाच, कारण दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.)

एवढं गाळल्यावर एकाच इमारतीतले, गेल्या वर्षा-दीड वर्षातले पाच-सहा व्यवहार उरले तरी पुरेत. त्यांची सरासरी काढण्यापेक्षा दर चढत्या क्रमाने लिहून मधला घ्या. एखादा नातेवाइकांतला स्वस्त व्यवहार मग चित्र बिघडवत नाही. बिल्डरने केलेली पहिली विक्री आणि पुनर्विक्री कधीही एकत्र करू नका. पहिल्या विक्रीत बुकिंगच्या वेळी ठरलेला भाव असतो आणि करार काही महिन्यांनी होतो, म्हणजे कागदावरची तारीख नवी आणि भाव जुना.

पुनर्विक्रीतही तारखेचा घोळ आहेच. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवता येतो, म्हणून कल पाहताना करून दिल्याचा दिनांक धरा, नोंदणीचा नव्हे. २०२० चं उदाहरण बोलकं आहे. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं होतं. लोकांनी मुदतीच्या आत मुद्रांक भरून घेतला आणि नोंदणी पुढे सवडीने केली. नोंदणीच्या महिन्यांवर आलेख काढला तर तेजीचे असे उंचवटे दिसतात, ज्यांचा मागणीशी संबंध कमी आणि सवलतीशी जास्त होता. म्हणूनच 'या महिन्यात विक्रमी नोंदणी' अशा बातमीवरून भाव वाढल्याचा निष्कर्ष काढू नये. नोंदणी संख्या सांगते, दर सांगत नाही.

रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, याच विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. ते १ एप्रिलला जाहीर होतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते बदलले नाहीत, २०२५ मध्ये वाढले. ते आपल्या घराची किंमत ठरवत नाहीत, कर ठरवतात. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरचं मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर आयकराच्या हिशेबात विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. जुन्या इमारतीत किंवा लिफ्ट नसलेल्या वरच्या मजल्यावर हे सहज घडतं. तेव्हा विसार देण्याआधी त्या मिळकतीचं मूल्यांकन काढून घ्या, सही झाल्यावर नव्हे.

नवं घर घेणार असाल तर ई-सर्चच्या जोडीला महारेराचं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उघडं ठेवा. प्रकल्पाच्या पानावर किती सदनिका विकल्या गेल्या हे पाहा. आसपासच्या चार प्रकल्पांत निम्म्याहून जास्त सदनिका पडून असतील आणि ताबा वर्षावर आलेला असेल, तर घासाघीस करायला जागा आहे. मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख यांतलं अंतर, त्रैमासिक प्रगती अहवाल भरलेले आहेत का, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, एवढं वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तयार आणि बांधकाम चालू असलेलं घर यांची तुलना करताना जीएसटी विसरू नका: चालू बांधकामावर ५ टक्के, ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच्या विक्रीवर काही नाही. सूची २ मधल्या मोबदल्यात जीएसटी धरलेला नसतो. म्हणजे ८० लाखांचं चालू बांधकामातलं घर ८० लाखांच्या तयार घरापेक्षा ४ लाखांनी महाग पडतं. मुंबईत त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. खरेदीदार महिला असेल तर शुल्कात १ टक्का सूट.

विकणाऱ्यांनी ही सेवा जास्त वापरायला हवी, आणि तेच कमी वापरतात. शेजाऱ्याने अमुक भाव घेतला या ऐकीव माहितीवर किंमत लावली जाते, पहिल्या महिन्यातले खरे ग्राहक परत जातात आणि पुढे घर 'बरेच दिवस पडून आहे' या शिक्क्यासह कमी भावात जातं. आपल्याच इमारतीतल्या शेवटच्या पाच व्यवहारांच्या सूची २ छापून ठेवा आणि मागणी त्यातल्या वरच्या दराच्या आसपासच ठेवा. मजला, पार्किंग, दिशा, दुरुस्ती यांसाठी वाढीव मागायचं असेल तर ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. घेणाऱ्याकडेही हेच कागद असतील असं धरूनच चर्चेला बसा.

सेवेच्या उणिवाही गंभीर आहेत. इमारतीच्या नावाने नेमका शोध लागत नाही, निकाल तारखेने किंवा रकमेने लावता येत नाहीत, ताजे दस्त यादीत यायला वेळ जातो आणि गर्दीच्या वेळी पान मध्येच तुटतं. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा काम बरं होतं. सूची २ वर दोन्ही पक्षकारांची नावं उघडी असतात. तुलनेचे कागद कुणाला दाखवताना ती झाकावीत, एवढी मर्यादा पाळायला हवी.

मालकी हक्काच्या तपासणीला मात्र हा मोफत शोध पुरत नाही. वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल वेगळा घ्यावाच लागतो. गहाणाच्या सूचनेची नोंद इथे दिसली, तर बँकेचं थकबाकीचं पत्र मागा आणि मूळ कागद कुणाकडे आहेत ते लेखी घ्या. तुमचा स्वतःचा दस्त नोंदवून झाला की त्याची सूची २ उघडून नाव, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि मोबदला अक्षरशः जुळवून पाहा. चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्र लगेच करून घ्या, विकणारा गावात आहे आणि सहीला यायला तयार आहे तोवर.